शनिवारी एकही अलर्ट नाही

रविवार, २ नोव्हेंबर

शुक्रवारी नितेशशेठच्या केबिनमध्ये मी जे बोललो ते कंपनीच्या इतिहासात राहील. म्हटलं, शेठ, आपल्या कोल्ड रूम खांब गावात, ऑफिस रोह्याला, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर परदेशात भाड्याने. आपल्या कोळंबीचं तापमान आपल्याला साता समुद्रापलीकडच्या माणसाने का सांगावं? मी आपल्याच मशीनवर, आपल्याच जागेत आपली स्वतःची ऑब्झर्वेबिलिटी उभी करतो. प्रत्येक कॉम्प्रेसर, प्रत्येक दरवाजा, प्रत्येक सर्व्हर चोवीस तास डोळ्यांखाली. काही बिघडलं की फोनवर लगेच अलर्ट. शेठ म्हणाले, जमेल ना? मी नुसता हसलो. असं हसणं अनुभवाने येतं.

भाड्याची सेवा बंद करायचा ईमेल त्याच दुपारी पाठवून दिला. परतीचे दोर कापले की माणूस जोमाने लढतो.

वैशालीला उद्या सांगेन. आमच्या आयटी डिपार्टमेंटचा मी हेड, आणि डिपार्टमेंट म्हणजे वैशाली.

दुसरी बाब. आमच्या लेकीचे, शीराचे, दिवस डिसेंबरच्या मध्यावर भरतात. माझी आणि रेचलची इस्रायलला, अश्दोदला जायची तिकिटं आठ डिसेंबरची काढलेली आहेत. सोनोग्राफीत मुलगा दिसलाय, तिकडे सांगतात. म्हणजे आठव्या दिवशी सुंता, आणि त्या वेळी बाळाला मांडीवर घेऊन बसायचा मान माझा. शीराने सासरी आधीच सांगून ठेवलंय की माझे पप्पाच धरणार. मला माझ्या आजोबांनी धरलं होतं, रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, आमच्या ज्यू लोकांच्या सिनेगॉगमध्ये. शीराचं हे ऐकून माझे डोळे भरून आले होते, पण रेचल समोर होती म्हणून चष्मा पुसला.

ठराव: नोव्हेंबरअखेर सगळं उभं करून वैशालीकडे हँडओव्हर. आठ तारखेला हात मोकळे. रेचलला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मला लग्नापासून नीट कळलेलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपार

सॉफ्टवेअर फुकट आहे. एका कमांडमध्ये चालू होतं, असं त्यांच्या साइटवर ठळक अक्षरांत लिहिलंय. कमांड दिली.

संध्याकाळ. एक कमांड होती हे खरं. पण ती चालण्याआधी दुसरं एक सॉफ्टवेअर लागतं, त्याला तिसरं लागतं, आणि तिसऱ्याची नवी आवृत्ती पहिल्याला चालत नाही. वैशाली म्हणाली, सर, भाड्याचंच परवडलं असतं. या पिढीला घाई फार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज सुचलं ते अंघोळ करताना सुचलं.

एकाच मशीनवर भरवसा ठेवायचा नाही. तीन मशीन, तीन ठिकाणी. तिघांपैकी दोघं हजर असली तर काम चालू. एकच उरलं तर ते गप्प बसतं, कारण एकट्याच्या शब्दाला पुरावा नाही. यालाच क्वोरम म्हणतात. लोकांना हे समजायला कोर्स करावा लागतो. मला लागला नाही. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर नऊ जण नुसते बसून राहतात आणि दाराकडे बघतात. पेणमध्ये आम्ही किती उरलोय ते लिहीत नाही. पनवेल-अलिबागहून पाहुणे बोलावून दहा करतो. क्वोरमचा त्रास मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तीन जागा ठरल्या. एक रोहा ऑफिसच्या कपाटात. दुसरी पेणला माझ्या घरी, टीव्हीमागच्या बोर्डावर. तिसरी पेणच्या सिनेगॉगमध्ये, वरच्या सज्जात, कारण तिथला इन्व्हर्टर नवाकोरा आहे. तेल अवीवच्या मंडळींनी दिलाय. तिन्हीकडची लाइट एकदम जाणं अशक्य. मोझेसकाकांनी, म्हणजे आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी, विचारलं की पेटीत काय आहे. मी म्हटलं, काका, हा आपला पहारेकरी. ते म्हणाले, पहारेकऱ्याला चहा द्यायला लागत नसेल तर ठेव.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. संध्याकाळी पाचच्या सुमारास

तिन्ही मशीन चालू. डॅशबोर्ड हिरवा. हिरवळच म्हणा ना.

आता शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस. बाबांच्या वेळेपासूनची पद्धत: दिवे लावायच्या आधी घरभर फिरायचं आणि सगळे प्लग काढायचे. फ्रिज सोडून. बाबा गुणगुणत फिरायचे, मीही गुणगुणतो. डोकं लागत नाही, हातच फिरतात. हे झालं की जी शांतता मिळते ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. फोनही बंद. उद्या रात्रीपर्यंत जग आपलं आपण बघेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

अपेक्षेपेक्षा उत्तम. काल रात्री शब्बाथ संपल्यावर प्लग लावले, फोन उघडला. शनिवारी एकही अलर्ट नाही. एकही. गुरुवार-शुक्रवारी बारीकसारीक कुरकुर चालू होती, पण शनिवारी सगळं निवांत. सिस्टिम रुळली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अलर्ट फार येतात. खांबला कोणी कोल्ड रूमचा दरवाजा उघडला की एक, लावला की एक. दुपारी माल उतरताना माझा फोन खिशात सरळ नाचतो. सिनेगॉगच्या मशीनची डिस्क भरली. कशाने भरली ते बघितलं, तर डिस्क भरत आल्याच्या सूचनांनी. त्या पुसल्या. मग मशीनने कळवलं की सूचना कोणीतरी पुसल्या.

काही अलर्ट म्यूट केले. शांत डोक्याने ठरवू कुठले परत चालू करायचे.

रेचलने बॅगा खाली काढल्यात. विचारत होती, थंडीचे कपडे किती घ्यायचे. म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू म्हणजे काय? मी तेव्हा फोनवर बघत होतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नितेशशेठना पहिला रिपोर्ट दिला. त्यांना ग्राफ फारसे कळत नाहीत म्हणून मुद्दाम शनिवारचा दाखवला. कालपरवाचा शनिवारही कोरा. दोन शनिवार, शून्य अलर्ट. शेठ खूश. म्हणाले, भाड्याच्या सेवेत तर शनिवारीच जास्त बोंब असायची, माल शनिवारीच भरतो आपण. हे कसं काय? मी म्हटलं, शेठ, शिस्त. यंत्राला मालकाची सवय लागते. त्यांनी चहा मागवला, दोन वेळा.

परतीच्या गाडीत कासूपर्यंत उभाच होतो, बसायला जागा असून. आनंदात बसवत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

वैशालीशी थोडं वाजलं. तिचं म्हणणं, शनिवारच्या ग्राफमध्ये रेघच नाही. रेघ सपाट असणं वेगळं आणि रेघ नसणं वेगळं. मी तिला समजावलं की काही घडलंच नाही तर रेघ काय काढायची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हँडओव्हर कधी देताय? मी म्हटलं, सगळं लिहून काढतो, मग देतो. ती म्हणाली, लिहिलेलं नको, पासवर्ड द्या, मी बघते. असं पासवर्ड देऊन होत नसतं. ज्याने उभं केलं त्याच्या मनात कितीतरी गोष्टी असतात.

खरं सांगायचं तर त्या कुठल्या, ते मलाही आठवावं लागेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

तिसरा शनिवार. शून्य.

बाकी आठवडा मात्र धावपळीचा. मंगळवारी पेणची लाइट गेली, इन्व्हर्टर चालला, पण इंटरनेटचा डबा इन्व्हर्टरवर नव्हता. बुधवारी तो जोडला. गुरुवारी रोह्याच्या कपाटात मशीन तापून बंद पडलं. कपाटाचं दार काढून टाकलं. शुक्रवारी अकाउंटवाल्या इंदुबाईंनी विचारलं की दार कुठे गेलं, आत त्यांच्या फायली होत्या. दार माझ्या खुर्चीमागे आहे.

शीराचा व्हिडिओ कॉल आला. पाय सुजलेत. म्हणाली, पप्पा, नक्की येताय ना? म्हटलं, वेडी आहेस का? हे अगदी मनापासून म्हटलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज हँडओव्हरचा दिवस होता. पण नुसत्या कागदांनी टीम बांधली जात नाही म्हणून पोपटी ठेवली. दाजींच्या शेतावर, कासूच्या अलीकडे. दाजी म्हणजे आमच्या सिनेगॉगची व्यवस्था बघणारे. शेती सांभाळून इतकी वर्षं साफसफाई, दिवाबत्ती त्यांच्याकडेच. वालाच्या शेंगा अजून कोवळ्या, पण दाजी म्हणाले होईल. शेठ आले, वैशाली आली, खांबचे दोघंतिघं आले. रेचलने कोंबडीचे तुकडे मसाला लावून डब्यात दिले. ती स्वतः आली नाही, बॅगा भरत होती.

मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, वर परत भांबुर्डा, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. आत काय चाललंय ते दिसत नाही. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. कोल्ड रूमचा एक जादा सेन्सर बरोबर आणला होता, तो मडक्यात सोडला. तापमान थेट सगळ्यांच्या फोनवर. शेठना कौतुक वाटलं.

लोकांनी नेहमीप्रमाणे मडक्यावर पाणी शिंपडून चुर्र आवाज होतो का ते बघायला सुरुवात केली. मी थांबवलं. ग्राफ चढतोय, अजून वेळ आहे. ग्राफ चढत चढत एका जागी थांबला आणि थांबूनच राहिला. मी म्हटलं, झालं, स्थिर झालं, काढा. सेन्सर वितळला होता. शेवटचा आकडा तेवढा पडद्यावर राहिला होता. शेंगा बाहेरून काळ्या, आत कच्च्या, बटाटे दगड. अंड्यांना प्लॅस्टिकचा वास. शेवटी सगळे कोलाडला हॉटेलात जेवले आणि बिल शेठनी दिलं.

एक शिकलो: सेन्सर जास्त तापमानाचा हवा.

हँडओव्हर पुढच्या आठवड्यात.

मंगळवार, २ डिसेंबर

खूप विचार केला. आठ तारखेला निघणं धोक्याचं आहे. बाळ येणार तेरा-चौदाच्या पुढे, सुंता त्यानंतर आठ दिवसांनी. म्हणजे मी पंधराला निघालो तरी भरपूर वेळ. रेचलने आठला जावं, मी आठवड्याने मागून येतो. तेवढ्यात सिस्टिम पूर्ण स्थिर होते.

रेचलला हे मी फार शांतपणे सांगितलं. ती साड्यांच्या घड्या करत होती. घडी मोडली नाही तिने. एवढंच म्हणाली, "अहो, पोरीने तुम्हाला बोलावलंय. सिस्टिमला नाय बोलावलेलं." मग उठून चहा टाकला. मी तिकीट बदललं.

रविवार, ७ डिसेंबर

पाचवा शनिवार. शून्य अलर्ट. आता सवय झालीय.

रेचलने शीराच्या सुखरूप सुटकेसाठी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, खजूर, फळं. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या अडीअडचणीला धावून येणाऱ्या प्रेषिताचं, नाव घेऊन सगळ्यांना वाटलं. मोझेसकाकांनी प्रार्थना म्हटली. मीही मनातल्या मनात नवस बोललो. शीरासाठी बोललो आणि त्यातच शेवटी सिस्टिमचंही घातलं. एका वेळी दोन मागितलेलं चालतं का, हे काकांना विचारायला लाज वाटली.

सोमवार, ८ डिसेंबर

रेचलला विमानतळावर सोडून आलो. आत जाताना तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. म्हणाली, पंधराला. म्हटलं, पंधराला.

घर मोठं वाटतं. फ्रिजवर तिने चिठ्ठी लावलीय, गॅस बंद करा. तेवढं एक तिला माझ्यावर सोपवता आलं नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

हँडओव्हरचा कागद लिहायला बसलो. 'सिस्टिमची ओळख' इथपर्यंत आलो. मग एक अलर्ट आला, तो बघितला, तो खोटा होता. खोटा का आला हे शोधण्यात दिवस गेला. वैशाली जाता जाता म्हणाली, सर, रविवारी मी पेणला येऊन बसू का? म्हटलं, रविवारी बघू.

शुक्रवार, १२ डिसेंबर. संध्याकाळ

घरभर फिरून प्लग काढून झाले. दिवे आज मीच लावले. रेचल असती तर डोळ्यांवर हात ठेवून पुटपुटली असती. मला ते शब्द येतात पण तिच्या आवाजात येत नाहीत.

रविवार, १४ डिसेंबर

काय लिहू.

काल रात्री फोन चालू केला तर मिस्ड कॉल एवढे की फोन गरम झाला. खांब. खांब. वैशाली. शेठ. वैशाली. खांब. दोन नंबरच्या कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर शनिवारी पहाटे बसला. आत कोळंबी भरलेली, सोमवारी निघायची. दुपारी माल उतरवायला माणूस आत गेला तेव्हा वास आला. नाकाने कळलं. माझा अलर्ट आला नाही.

मी उभ्या उभ्या डॅशबोर्ड उघडला. हिरवा होता.

शेठशी बोलत असतानाच दुसरा कॉल वाजत होता. तो मी कट केला. तो अश्दोदहून होता. तिकडचा शब्बाथ संपल्याबरोबर रेचलने केलेला. परत लावला. मुलगा झाला. शनिवारी सकाळी. शीरा सुखरूप. रेचल रडत होती आणि हसत होती, आणि मीही रडलो, आणि ती म्हणाली, "अहो, किती आनंद झालाय तुम्हाला." मी व्हय म्हटलं. आनंदच होता. दोन्ही एकदम आलं म्हणून वेगळं करता आलं नाही.

शनिवारी जन्म, म्हणजे सुंता पुढच्या शनिवारी. शब्बाथ असला तरी आठवा दिवस टळत नाही. उद्याचं माझं विमान आहे, परवा पोचतो. वेळ भरपूर आहे. हे तीनदा लिहावंसं वाटतं: वेळ आहे.

सोमवार, १५ डिसेंबर. दुपार, रोहा ऑफिस

बॅग बरोबर घेऊन ऑफिसला आलो. इथूनच टॅक्सीने जाणार.

वैशालीने सगळे शनिवार एका पडद्यावर मांडले. दर शुक्रवारी संध्याकाळी पेणची दोन्ही मशीन जातात. रोह्याचं एकटं उरतं, क्वोरम नाही, म्हणून ते गप्प बसतं, आणि पडद्यावर शुक्रवारचाच हिरवा रंग तसाच राहतो. शनिवारी रात्री दोन्ही परत येतात. गेला दीड महिना दर शब्बाथला आपली कंपनी आंधळी होती, असं ती शेठसमोर म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

सिनेगॉगचा तपास लगेच लागला. दाजींना फोन केला. म्हटलं, दाजी, शुक्रवारी वरच्या पेटीची लाइट कोण बंद करतं? दाजी म्हणाले, "मीच करतो साहेब. दिवे सोडून सगळा बंद करायचा, तुमीच तर ठराव केलात. भिंतीला कागद लावलाय, खाली सही तुमचीच हाय." तो ठराव मी सेक्रेटरी म्हणून केला होता. शॉर्टसर्किटच्या भीतीने. चांगला ठराव होता.

घरचं मशीन कोणी बंद केलं याचा तपास चालू आहे. आधी रेचलवर संशय होता, पण परवाच्या शुक्रवारी ती अश्दोदला होती. घरात मी एकटाच होतो, त्यामुळे तिथे संशयित कोणीच नाही. उंदीर बघावे लागतील.

संध्याकाळ, तिथेच

शेठनी भाड्याची सेवा परत घेतली. वैशालीने ती चहा येईपर्यंत चालू केली. तिन्ही मशीन तिने त्यात घातली, म्हणाली निदान ती जिवंत आहेत का ते तरी कळेल.

विम्याचा माणूस शुक्रवारी येणार. त्याला शनिवारच्या तापमानाची नोंद हवी. शेठ म्हणाले, तुमचं विमान हाय ना, नातू झालाय, तुम्ही जा, आम्ही बघतो. वैशालीने तर माझी बॅग दाराशी नेऊन ठेवली. म्हणाली, "सर, तुम्ही जा. मी सांगते त्यांना काय झालं ते."

तिथेच मी थांबलो. ती सांगेल, आणि जे झालं तेच सांगेल. तिला पार्श्वभूमी माहीत नाही. एवढा मोठा प्रयोग, त्यामागचा विचार, क्वोरम, हे सगळं त्या माणसाला नीट समजावलं नाही तर नोंदीत फक्त 'बंद होतं' एवढंच राहील, आणि खाली माझं नाव. तीस वर्षं लोक मला विचारून कॉम्प्युटर घेतात.

टॅक्सी परत पाठवली. शुक्रवारी दुपारी त्याला भेटलो की रात्रीचं विमान मिळतंय का बघतो. शब्बाथला प्रवास करायचा नाही हे माहीत आहे. पण बघतो.

बुधवार, १७ डिसेंबर

रेचलला फोनवर सांगितलं. मागे बाळ रडत होतं. मी म्हटलं, किती मोठा आवाज आहे. ती म्हणाली, शीराला झोपू द्यायला हवं, ठेवते.

विमान बघितलं. शुक्रवारी रात्रीचं आहे, मध्ये बदलून शनिवारी दुपारी पोचवतं. तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. तरी दोनदा उघडून पाहिलं, वेळ बदलली असेल म्हणून.

आता मशीनला हात लावू नका, असं शेठनी सांगितलंय. मी सिस्टिमचा इतिहास लिहून काढतोय. बराच झालाय. उंदरांचा पिंजरा आणला. उंदीर मिळाला नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर. दुपार

विम्याचा माणूस आला. चांगला माणूस. मी इतिहासाचे कागद पुढे केले. क्वोरमपासून सुरुवात केली. त्याने विचारलं, तेरा तारखेची नोंद आहे का? म्हटलं, तेच समजावतोय. तो म्हणाला, आहे की नाही तेवढं सांगा. मी म्हटलं, नाही. त्याने फॉर्मवर 'नोंद नाही' असं लिहिलं, चहा नको म्हणाला आणि गेला. चहा खाली टपरीवरून येईपर्यंतसुद्धा थांबला नाही.

वैशाली म्हणाली, सर, घरी जा, तुमचा चेहरा बरा नाही. 'नोंद नाही' या दोन शब्दांसाठी मी थांबलो होतो हे तिला कळलं असणार.

संध्याकाळ. घरी. दिवे लावायची वेळ होत आलीय. प्लग काढून झाले.

रविवार, २१ डिसेंबर

काल सकाळी प्रार्थनेला गेलो नाही. पलंगावर पडून होतो. अश्दोदला किती वाजले असतील याचा हिशोब मनात आपोआप होत होता. आता उठले असतील. आता बाळाला न्हाऊ घातलं असेल. आता निघाले.

दार वाजलं. दाजी. पांढरा सदरा, हातात चप्पल. म्हणाले, वैशालीताईंचा फोन आलेला, साहेबांचं घरचं मशीन काल सांजपासून मेलंय, नवीन सिस्टिमने त्यांना कळवलं, साहेब पण फोन उचलत नाय, जरा बघून या. म्हटलं, शनिवारी मी उचलत नाही हे तिला माहीत आहे. दाजी म्हणाले, ते मी पण सांगितलं, तर बोलल्या, तरी पण बघून या.

मग म्हणाले, "तिकडं नऊ मानसं बसल्यात. मोझेसशेट दाराकडंच बघतायत. अलिबागचे पाहुने पण आले, तुमीच नाय."

मी उठून शर्ट घालायला लागलो. दाजी खोलीभर बघत होते. भरलेली बॅग तशीच होती. विचारलं, "आज नातवाची सुंता ना साहेब? मग तुमी हितं काय करताव?"

मी म्हटलं, सिस्टिमवर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं.

ते म्हणाले, "कंच्या?"

मी टीव्हीमागे बोट दाखवलं. बोर्डाची वायर जमिनीवर पडली होती, शेवटाला तीन पिनांचा प्लग, भिंतीपासून वीतभर लांब. एकच बोर्ड आहे तो. त्यावर टीव्ही आहे, टेबललॅम्प आहे, मोबाइलचा चार्जर आहे. आणि त्यावरच ते मशीन आहे. आदल्या संध्याकाळी गुणगुणत तो प्लग मीच काढला होता. गेल्या शुक्रवारीही. त्याच्या आधीच्याही.

दाजींनी वाकून वायर बघितली. शब्बाथ, म्हणून मी प्लग लावू शकत नव्हतो, आणि त्यांनाही लावा म्हणालो नाही. आम्ही सिनेगॉगला गेलो. मी आत शिरल्यावर नऊ जण उभे राहिले आणि प्रार्थना सुरू झाली. मी रडतोय हे मोझेसकाकांनी पाहिलं. त्यांना वाटलं आनंदाने. पाठीवर थाप मारली.

रात्री रेचलचा फोन आला. सगळं छान झालं. व्याह्यांनी धरलं. एलियाहूसाठी मांडतात ती खुर्ची शेजारी रिकामी होती. बाळ अगदी थोडंसं रडलं, वाइनचं बोट तोंडाला लावल्यावर गप्प झालं. नाव एलियाह ठेवलं. माझ्या बाबांचं.

मी म्हटलं, फोटो पाठव ना. मांडीवर घेतलेलाच पाठव.

"शब्बाथ होता ना," ती म्हणाली. "फोटो कोण काढणार? ते बघायला तिथं असायला लागतं, अहो."

फोन ठेवल्यावर प्लग लावला. मशीनचा निळा दिवा लागला. मग वैशालीच्या भाड्याच्या सिस्टिमचा मेसेज फोनवर दिसला, शुक्रवारी संध्याकाळचा: पेण-घर गैरहजर. तपासून पाहिला. इतक्या दिवसांत आलेला हा पहिलाच बरोबर अलर्ट.

त्याच्याखाली 'दखल घेतली' असं एक बटण असतं. ते दाबलं.